डोंगरासाठी पळायचं, पण हळू

ज्यांना लोकलमध्ये धड ऐकू येत नाही, किंवा ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी मजकूर तोच.

गेल्या काही भागांनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "दादा, मी ५ किलोमीटर अर्ध्या तासात पळतो, जिमही चालू आहे, तरी सिंहगडाच्या पहिल्याच चढावर मला धाप का लागते?" किंवा, "मे महिन्यात हिमालयात जायचंय, स्टॅमिना कसा वाढवू?"

उत्तर आधीच सांगतो, मग सविस्तर बोलू. डोंगरावर तुमचा दिवस कसा जाणार हे तुम्ही किती जोरात पळता यावर ठरत नाही. धाप न लागता तुम्ही किती वेगाने हलू शकता, यावर ठरतं. आणि तो 'धाप न लागणारा वेग' वाढवायचा मुख्य रस्ता म्हणजे खूप वेळ, हळू पळणं. इतकं हळू की लाज वाटेल. आणि हे काम दोन आठवड्यांत होत नाही, त्याला काही महिने द्यावे लागतात.

डोंगर ही तासांची परीक्षा आहे

५ किलोमीटरची धाव अर्ध्या तासात संपते. आतकरवाडीतून सिंहगड म्हणजे साधारण ६०० मीटरची चढाई, बहुतेकांना एक ते दीड तास. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून हरिश्चंद्रगड म्हणजे चार-पाच तास. कात्रज ते सिंहगड केलंत तर अख्खी रात्र. आणि हिमालयात शिखराच्या दिवशी मध्यरात्री निघून दुपारी कॅम्पवर परत यायचं, म्हणजे दहा-बारा तास सहज.

बरं, हे एकदाच करून भागत नाही. मी येत्या मे महिन्यात उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्सला जातोय. साधारण चार आठवड्यांचा कोर्स आहे. पाठीवर जड सॅक घेऊन आज चालायचं, उद्या चालायचं, परवाही चालायचं. पुढे ॲडव्हान्स कोर्स करायचा तर इथे 'ए' ग्रेड लागते. तिथे पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे जाण्याला काही अर्थ नाही. सहाव्या दिवशी सकाळी पाय उचलतात की नाही, हा खरा प्रश्न. म्हणून गेले काही महिने मी हाच विषय वाचतोय आणि स्वतःवर करून बघतोय.

सिंहगडाच्या वाटेवर एक गोष्ट कधी लक्षात आली आहे का? खालच्या वाडीतली मंडळी दह्याची मडकी, सरपण, सामानाची पोती घेऊन वर जातात. त्यांचा वेग काही फार नसतो. आपण त्यांना सुरुवातीला मागे टाकतो, मग दगडावर बसून पाणी पितो, तेवढ्यात मावशी शांतपणे पुढे निघून जातात. पुन्हा आपण पुढे, पुन्हा त्या पुढे. शेवटी गडावर आपण पोचतो तेव्हा त्यांचं दुकान मांडून झालेलं असतं. त्यांचा न थांबता चालण्याचा वेग आपल्यापेक्षा जास्त आहे, एवढंच. आणि तो रोजच्या चालण्यातून, वर्षानुवर्षं घडलेला आहे.

शरीरातल्या दोन टाक्या

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, फोनचं उदाहरण घेऊन सांगतो.

आपल्याकडे इंधनाच्या दोन मुख्य टाक्या आहेत. पहिली साखरेची. स्नायूंमध्ये आणि यकृतात साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते, सगळी मिळून साधारण ५०० ग्रॅम. म्हणजे २,००० कॅलरीच्या आसपास. दुसरी टाकी चरबीची. ६५ किलोच्या सडपातळ मुलाच्या अंगातही ९-१० किलो चरबी असते. हिशोब केला तर ७० हजार कॅलरीपेक्षा जास्त! एक टाकी पॉवरबँकएवढी, दुसरी वीज मंडळाच्या सबस्टेशनएवढी.

मग आपण चरबीवरच का चालत नाही? कारण चरबी जाळायला ऑक्सिजन लागतो, आणि ती ऊर्जा सावकाश मिळते. साखर पटकन मिळते. जसजसा जोर वाढवाल तसतसं शरीर साखरेकडे जास्त वळतं. हळू चालताना मोठा वाटा चरबीचा, जोरात पळताना मोठा वाटा साखरेचा.

फोनवर हेवी गेम सुरू केला की काय होतं? बॅटरी भराभर उतरते, फोन गरम होतो आणि मग स्वतःच स्लो होतो. चढावर धापा टाकत जाणं म्हणजे तेच. फरक इतकाच की फोनला चार्जर लावता येतो. तुम्ही टोलार खिंडीत असता आणि बिस्किटाचा पुडा आधीच संपलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. कुठल्या वेगापर्यंत शरीर आरामात, मुख्यतः ऑक्सिजन आणि चरबीवर चालेल, ही सीमा प्रत्येकाची वेगळी असते. तिला एरोबिक थ्रेशोल्ड म्हणतात. या सीमेच्या खाली तुम्ही तासन्‌तास हलू शकता. वर गेलात की मीटर पळायला लागतो. ज्याची सीमा खाली आहे तो साध्या चढावरही वर जातो. ज्याची सीमा वर आहे, तो त्याच चढावर गप्पा मारतो. सगळा खेळ ही सीमा वर सरकवण्याचा आहे.

हळू पळताना आत काय घडतं

तीन गोष्टी घडतात.

एक, स्नायूंच्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया वाढतात. शाळेत 'पेशीचं ऊर्जाकेंद्र' म्हणून पाठ केलेलं आठवतंय ना, तेच. १९६७ मध्ये जॉन होलोझी या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदरांना काही आठवडे ट्रेडमिलवर पळवलं आणि दाखवलं, की त्यांच्या स्नायूंमधल्या मायटोकॉन्ड्रियाची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट झाली. तोपर्यंत सगळं श्रेय हृदय आणि फुप्फुसांना जायचं. स्नायू स्वतः आतून बदलतो, हे या कामातून ठळकपणे पुढे आलं.

दोन, स्नायूंभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. म्हणजे रक्त पोचायला गल्लीबोळ वाढतात.

तीन, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलायला शिकतं. म्हणून त्याच वेगाला ठोके कमी लागतात.

इथे कुणीतरी विचारेल, "जोरात पळूनही हे सगळं होतंच ना?" होतं. पण जोरात पळणं आठवड्यातून किती वेळा झेपेल? एकदा, दोनदा. त्यानंतर दोन दिवस पाय दुखतात, झोप बिघडते, गुडघा कुरकुर करतो. हळू पळणं आठवड्यातून पाच वेळा करता येतं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना जिनाही चढता येतो. हा बदल घडतो तो एकूण साठलेल्या तासांमुळे. आणि तास साठवायचे तर हळूच जावं लागतं.

मोठे खेळाडूही असंच करतात. न्यूझीलंडचा पीटर स्नेल १९६० साली रोम ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटरचं सुवर्णपदक जिंकला. त्याची शर्यत पावणेदोन मिनिटांत संपायची. तरी त्याचा कोच आर्थर लिडियार्ड त्याला रविवारी ३५ किलोमीटर डोंगराळ रस्त्यावर पळवायचा. नंतर स्टीफन सायलर या संशोधकाने स्कीइंग, रोइंग, धावणं अशा खेळांतल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तर त्यांची साधारण ८० टक्के सत्रं सोपी आणि २० टक्के कठीण निघाली. गिर्यारोहणात हा विचार पोचवला तो स्टीव्ह हाउस आणि स्कॉट जॉन्स्टन यांनी. २०१४ साली त्यांचं 'ट्रेनिंग फॉर द न्यू अल्पिनिझम' आलं. हाउस म्हणजे २००५ मध्ये नंगा पर्वतचा रुपाल फेस दोघांच्या छोट्या टीमने चढलेला माणूस, त्यामुळे त्याचं बोलणं हवेतलं नाही.

हळू म्हणजे नेमकं किती हळू?

चार कसोट्या सांगतो. सोपीपासून सुरुवात.

पहिली, बोलण्याची. पळता पळता फोनवर आईशी बोलता आलं पाहिजे, पूर्ण वाक्यांत. "हो... जेवलो... नंतर... बोलतो" असं व्हायला लागलं की वेग जास्त आहे.

दुसरी, नाकाची. तोंड बंद ठेवून नाकाने श्वास घेत पळता येतंय का? सर्दी असेल त्या दिवशी ही कसोटी सोडून द्या.

तिसरी, आकड्याची. फिल मॅफेटोन यांचं सूत्र म्हणजे १८० वजा वय. तुम्ही २७ चे असाल तर १५३. हार्ट रेट याच्या वर जाऊ द्यायचा नाही. हे सुरुवातीचं ढोबळ माप आहे, कुणाला ते दहा ठोक्यांनी चुकीचं असू शकतं. बोलता येत नसेल आणि घड्याळ १५० दाखवत असेल, तर श्वासावर विश्वास ठेवा. मनगटावरच्या घड्याळाचे आकडे पळताना बऱ्याचदा भरकटतात, छातीचा पट्टा जास्त खात्रीचा.

चौथी माझी आवडती, कारण त्यात डेटा आहे. सपाट रस्ता निवडा, सकाळची थंड वेळ. १५ मिनिटं वॉर्मअप. मग एक तास एकाच वेगाने पळा. घरी येऊन पहिल्या ३० मिनिटांचा सरासरी हार्ट रेट आणि दुसऱ्या ३० मिनिटांचा सरासरी हार्ट रेट काढा. समजा पहिला १४० आणि दुसरा १४५. वाढ साडेतीन टक्के. पाच टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे तुम्ही सीमेच्या खाली होतात. पहिला १४० आणि दुसरा १५२ आला, तर वाढ साडेआठ टक्के. म्हणजे तो वेग तुमच्यासाठी 'हळू' नव्हता, पुढच्या वेळी आणखी कमी करा. दर सहा-आठ आठवड्यांनी ही चाचणी पुन्हा करायची.

आणि हो, चालणं चालतं! सुरुवातीला अनेकांना पळताना हार्ट रेट सीमेत ठेवताच येत नाही. मग दोन मिनिटं जॉग, एक मिनिट चाल. टेकडीवर तर सरळ चालाच. शरीराला तुमचा वेग कळत नाही, त्याला मेहनत कळते.

अवघड भाग पायांचा नाही, डोक्याचा आहे

वेताळ टेकडीवर सकाळी सहाला मी जॉग करत असतो आणि सत्तरीचे काका भराभर चालत मला ओव्हरटेक करतात. एकांनी तर काळजीने विचारलं, "काय रे, बरं नाहीये का?" मी म्हटलं, "नाही काका, सराव चाललाय." ते हसले आणि पुढे गेले.

त्यात स्ट्राव्हावर सगळ्यांना आपला पेस दिसतो. ऑफिसच्या ग्रुपमध्ये कुणी ५:३० टाकतं, आपण ८:४०. मग दुसऱ्या दिवशी नकळत वेग वाढतो. आणि बहुतेक तरुण मुलं अडकतात ती इथेच: रोज मध्यम जोरात पळणं. पाया घडण्याइतके तास होत नाहीत, कारण रोज थकवा. आणि खरा वेग वाढण्याइतकं जोरातही होत नाही, कारण पाय कायम जड. घाम भरपूर, प्रगती थांबलेली. उपाय साधा आहे: सोप्या दिवशी स्क्रीनवर पेस दाखवूच नका. फक्त वेळ आणि हार्ट रेट ठेवा.

माझे आकडे सांगतो, म्हणजे अंदाज येईल. डिसेंबरच्या सुरुवातीला १४२ च्या हार्ट रेटला मला एका किलोमीटरला ८ मिनिटं २० सेकंद लागायचे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तोच रस्ता, तोच हार्ट रेट, साधारण तशीच थंडी, आणि ७ मिनिटं २५ सेकंद. थंडी सारखी असणं महत्त्वाचं. एप्रिलच्या उन्हात किंवा मुंबईच्या दमट हवेत त्याच वेगाला ठोके वाढतात. तेव्हा फिटनेस गेला असं समजू नका, वेग कमी करा आणि पुढे चला.

सोळा आठवड्यांचा साधा आराखडा

पहिले चार आठवडे: आठवड्यातून चार दिवस, ३० ते ४० मिनिटं, सगळं हळू. त्यातला एक दिवस टेकडीवर चालण्याचा.

पाच ते बारा: चार-पाच दिवस. दर आठवड्याला एकूण वेळ साधारण दहा टक्क्यांनी वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. रविवारी मोठा दिवस, दोन ते तीन तास. पुण्यात टेकड्या किंवा सिंहगड, मुंबईत नॅशनल पार्कातून कान्हेरीचा रस्ता, साताऱ्यात यवतेश्वरचा घाट. जवळ काहीच नसेल तर बिल्डिंगचे जिने. आठवड्यातून दोनदा पायांचा आणि पोटाचा व्यायाम, वीस मिनिटं पुरे.

तेरा ते सोळा: आता वजन. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा, पाच किलोपासून सुरुवात, हळूहळू १२-१५ किलोपर्यंत. पाणीच का? कारण वर पोचल्यावर ते झाडांना घालता येतं आणि उतरताना गुडघ्यांवर भार येत नाही. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणा. त्या आठवड्यात फिटनेस वाढत नाही, फक्त थकवा उतरतो.

जोरात कधी पळायचं? त्यालाही मोजमाप आहे. अर्धा तास जितक्या जोरात पळता येईल तितकं पळा, त्याचा सरासरी हार्ट रेट ही तुमची वरची सीमा. समजा ती १७२ आणि खालची एरोबिक सीमा १४०. दोघींत जवळजवळ २३ टक्क्यांचं अंतर. हाउस आणि जॉन्स्टन म्हणतात, हे अंतर दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तोवर मुख्य लक्ष हळू पळण्यावरच ठेवा. दहाच्या आत आलं की आठवड्यातून एक कठीण सत्र जोडा, चढावर चार-चार मिनिटांचे जोरकस टप्पे वगैरे.

हळू पळून काय होत नाही

हा भाग कृपया वगळू नका.

पळण्याने उंचीचा त्रास टळत नाही. ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो, आणि कमी ऑक्सिजनशी जुळवून घ्यायला शरीराला दिवस लागतात. तुम्ही कितीही फिट असा, ते दिवस द्यावेच लागतात. आमच्या ग्रुपमधला एक मुलगा, हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत पळणारा. १४,००० फुटांवरच्या कॅम्पला तो सगळ्यांच्या तासभर आधी पोचला. रात्री डोकं फुटायला आलं, उलट्या सुरू झाल्या, आणि पहाटे दोघं जण त्याला धरून खाली घेऊन गेले. खाली उतरल्यावर तो बरा झाला. त्याच्यासोबत त्या दोघांचंही शिखर गेलं. फिट माणूस पटकन वर जाऊ शकतो, त्याचा धोका तिथेच आहे.

म्हणून नियम: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. डोकेदुखी, मळमळ असेल तर आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागीही धाप लागली, तर थांबायचं नाही, लगेच खाली उतरायचं. "थोडं सहन करतो" हे वाक्य डोंगरावर बंद.

मग एवढ्या सरावाचा उपयोग काय? उपयोग हा, की तुमच्याकडे शिल्लक उरते. दमलेला माणूस पाणी प्यायचं विसरतो, दोर नीट तपासत नाही, उतरताना पाय कुठेही टाकतो. आणि दोरावर तिघं असतील तर सगळ्यांचा वेग सर्वांत दमलेल्या माणसाएवढा होतो.

पटापट प्रश्न

"दोन महिने झाले, काहीच फरक नाही." आधी बघा, खरंच हळू पळताय का. झोप पुरेशी आहे का. दोन्ही ठीक असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घ्या, विशेषतः मुलींनी. लोह कमी असेल तर रक्तातून ऑक्सिजनच कमी पोचतो, मग सराव काय करणार?

"छातीत दुखतं, चक्कर येते." सराव थांबवा, डॉक्टरांकडे जा. घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल तर सुरू करण्याआधीच जा.

"उपाशीपोटी पळू का?" तासाभराच्या सोप्या धावेला चालेल. रविवारच्या मोठ्या दिवशी केळं, चिक्की, खजूर सोबत ठेवा.

"घड्याळ नाहीये." मग तुम्ही नशीबवान आहात. आईला फोन लावा आणि पळा.

पुढच्या भागात उतार घेऊ: गुडघे, मांड्या, काठी कशी धरायची ते सगळं. तोपर्यंत उद्या सकाळी ३० मिनिटं, नाकाने श्वास घेत. काकांनी ओव्हरटेक केलं तर त्यांना नमस्कार करा आणि आपल्या वेगाने चालू ठेवा. भेटू!